चूक

सकाळी ६.००, नागपूर
लग्न आटोपून नाशिकला परत निघालो. मे महिना. सासऱ्यांनी डिकीत लोकवन गव्हाचे दोन कट्टे टाकले, पन्नास-पन्नास किलोचे. "घ्या जावईबापू, दोन कट्ट्यांनी काय होते?" शिवाय पितळी समई, लोणच्याची बरणी, कॅरियरवर चार बॅगा. सात सीटच्या गाडीत आठ माणसं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो: मोजक्या माणसांत मागच्या चाकांत हवा ३३, गाडी भरली की ३६. चार वर्षांत मी तो वाचला नव्हता.

७.००, पेट्रोल पंप
हवेला रांग होती. लग्नाआधी भरलीच होती की!

७.३०, शिवमडका
समृद्धीवर चढलो. २०२२च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि टायर फुटायला लागले तसे लोक काँक्रीटच्या नावाने शिव्या घालायला लागले. मीही त्यातलाच. सरळसोट रस्ता, १२०ची मर्यादा. मी ११०वर होतो आणि स्वतःला शहाणा समजत होतो.

८.३०
गाडीत अंताक्षरी. खाली मागचं डावं चाक मिनिटाला नऊशेवर फेरे घेत होतं. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला दबते आणि सुटते. तार सारखी वाकवली की हाताला चटका बसतो, तसंच. ती उष्णता रबर आणि आतले धागे यांना एकमेकांपासून सोडवत जाते. टायरवर ८८ हा आकडा होता, म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे. पण ते पोटात पुरेशी हवा असेल तर.

९.१५, कारंजा मागे टाकून, पुन्हा पंप
इथे मात्र हवा बघितली. तीन चाकांत ३७-३८, मागच्या डाव्यात ३१. पंपावरचा पोरगा म्हणाला, "उन्हाळा आहे साहेब, जास्त हवा बरी नाही." आणि त्याने उरलेल्या तिघांतली हवा सोडून चारही चाकं ३१वर आणली. सूं-सूं आवाज चालू होता आणि मी मान डोलावत होतो. वर दहा रुपये दिले.

टायर गार असताना हवा मोजायची असते. पळून तापला की काटा चार-पाचने वर दिसतो. म्हणजे ३१ दिसणाऱ्या चाकात खरी हवा २६च्या आसपास. २००० साली फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यातले बरेचसे फोर्डच्या एक्स्प्लोररचे होते. त्या गाडीला फोर्डने सांगितलेला आकडाही २६च. एक चाक आजारी होतं, आम्ही चारही पाडली.

१०.४०
आई म्हणाली, गाडी मागून डुलतेय का रे? मी म्हटलं, रस्त्याचे जोड आहेत.

११.१५
सिंदखेडराजा मागे पडलं. जळक्या रबराचा वास. पुढच्या ट्रकचा असेल म्हणून काचा वर घेतल्या.

११.२०
आधी फट्-फट्-फट्, मग बार. गाडी डावीकडे ओढली गेली. स्टिअरिंग घट्ट धरून वेग आपोआप उतरू द्यायचा असतो. माझा पाय ब्रेकवर गेला. दीड गिरकी, कठड्याला धडक.

११.२४
आईचं गळ्याचं हाड मोडलं होतं. मेहुण्याच्या पोराला शुद्ध नव्हती. ती रात्री आली. काँक्रीटवर गहू पसरला होता आणि चिमण्या उतरल्या होत्या.

क्रेनवाल्याने टायरची सोललेली पट्टी उचलली आणि पक्कडीने तिच्यातून काहीतरी उपसलं. नखाएवढी चूक. डोक्याला मांडवाच्या पिवळ्या कापडाचा धागा अडकलेला.