अनावश्यक ओळभंग

अनावश्यक ओळभंग म्हणजे संकेतस्थळ, ईमेल किंवा पीडीएफ धारिकेतून नकलून घेतलेल्या मजकुरात वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच ओळ तुटणे होय. असा मजकूर दुसऱ्या दस्तऐवजात चिकटवल्यास ओळी आखूड व असमान दिसतात आणि परिच्छेद कोठे संपला हे कळेनासे होते.

पार्श्वभूमी

टंकलेखन यंत्रावर ओळ संपल्यावर गाडा आरंभस्थानी आणणे (कॅरेज रिटर्न) आणि कागद एक ओळ पुढे सरकवणे (लाइन फीड) अशा दोन क्रिया होत. आस्की या संकेतप्रणालीत त्यांना अनुक्रमे १३ आणि १० हे क्रमांक आहेत. विंडोज प्रणालीत ओळीच्या शेवटी ही दोन्ही चिन्हे, तर लिनक्स व आजच्या मॅक प्रणालीत केवळ लाइन फीड वापरले जाते.

कारणे

पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप खाली जाणारी ओळ ही केवळ मांडणी असते. तेथे कोणतेही चिन्ह साठवलेले नसते. ओळभंगाचे चिन्ह मजकुरातच असेल, तर मात्र ते नकलेबरोबर येते. पीडीएफमध्ये अक्षरांचे पानावरील स्थान नोंदलेले असते, परिच्छेदाची नोंद पुष्कळदा नसते. त्यामुळे नकलताना छापील ओळ संपते तेथे ओळभंग येतो. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये ओळ ७८ वर्णांच्या आत ठेवण्याची शिफारस असल्यानेही ओळी तुटतात.

काढण्याची पद्धत

शब्दसंस्करण प्रणालीतील ‘शोधा व बदला’ ही सोय यासाठी वापरतात. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असल्यास पुढील क्रम उपयोगी पडतो:

१. लागोपाठचे दोन ओळभंग शोधून त्यांच्या जागी मजकुरात अन्यत्र नसलेली खूण, उदाहरणार्थ ##, घालावी.
२. उरलेल्या प्रत्येक ओळभंगाच्या जागी एक मोकळी जागा द्यावी.
३. ## या खुणेच्या जागी परिच्छेदभंग परत आणावा.
४. लागोपाठच्या दोन मोकळ्या जागांची एक करावी. अशी जोडी एकही न उरेपर्यंत ही पायरी पुन्हा करावी.

पहिली पायरी वगळल्यास सर्व परिच्छेद एकत्र होतात. दुसऱ्या पायरीत मोकळी जागा न दिल्यास ‘शाळेतील मुले’ याचे ‘शाळेतीलमुले’ होते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये परिच्छेदचिन्ह आणि शिफ्ट-एंटरने दिलेला ओळभंग ही दोन वेगळी चिन्हे असल्याने दोहोंचा स्वतंत्र शोध घ्यावा लागतो.

दक्षता

ओवी, अभंग, कविता, पत्ते, याद्या आणि नाटकातील संवाद यांत ओळभंग हा मजकुराचाच भाग असतो. असे भाग आधी बाजूला काढावेत. ‘आई-वडील’ यासारखा जोडशब्द संयोगचिन्हाशी तुटला असल्यास वरील क्रमाने तो ‘आई- वडील’ असा होतो. अशी स्थळे हाताने सुधारावी लागतात.

मराठीत आणखी एक धोका संभवतो. ‘आचाऱ्यास’ या शब्दातील अर्धा र काही कळफलकांवर र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक या अदृश्य चिन्हाने लिहिला जातो. ओळभंगांबरोबर सर्वच अदृश्य चिन्हे काढून टाकल्यास हा जोडकही जातो आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास, याचे ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, असे होते. शुद्धलेखन तपासणीच्या दृष्टीने दोन्ही शब्द बरोबर असल्याने ही चूक सहज लक्षात येत नाही. म्हणून केवळ ओळभंगच बदलावेत आणि शेवटी मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहावा.