तोंडवली

तोंडवली हे महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातील एक किनारी गाव आहे. गावाचे नाव तोंडवळी असेही लिहिले जाते. अरबी समुद्र आणि गड नदीची कालावल खाडी यांच्यामधील वाळूच्या अरुंद पट्टीवर गावाचा दक्षिणेकडील भाग पसरला असून पट्टीच्या टोकाशी तळाशील ही मच्छीमारांची वस्ती आहे. सुरूची बने, माडांच्या बागा आणि लांबवर गेलेली पुळण यांसाठी हा परिसर ओळखला जातो. तालुक्याचे शहर मालवण येथून जवळ असले, तरी ते खाडीपलीकडे आहे. येथील शांतता आणि येथील अडचणी या दोहोंचे मूळ त्या खाडीत आहे.

भौगोलिक स्थान

गड नदी सह्याद्रीत उगम पावते आणि कणकवलीवरून वाहत मालवण तालुक्यात येते. मसुरे परिसरात भरतगड व भगवंतगड हे किल्ले तिच्या दोन काठांवर उभे आहेत. तेथून पुढच्या भरती-ओहोटीच्या पात्राला कालावल खाडी म्हणतात. समुद्र हाकेच्या अंतरावर आल्यानंतरही हे पात्र सरळ समुद्रात शिरत नाही. ते दक्षिणेकडे वळते, काही अंतर किनाऱ्याला समांतर वाहते आणि तळाशीलच्या टोकाशी समुद्राला मिळते. समुद्र आणि नदी यांच्यामध्ये उरलेली जमीन म्हणजे लाटांनी व किनारी प्रवाहांनी आणून टाकलेल्या वाळूचा दांडा होय. पट्टीच्या अरुंद भागात पश्चिमेला लाटांचा आवाज आणि पूर्वेला खाडीचे संथ पाणी, यांच्यामध्ये रस्ता, घरे व बागा सामावलेल्या आहेत. मालवणच्या दक्षिणेस कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये असलेले देवबाग याच प्रकारच्या भूरूपावर वसले आहे.

पट्टीच्या उत्तरेस व पूर्वेस जमीन चढत जाते आणि वाळूची जागा जांभ्याचा कातळ घेतो. वायंगणी आणि आचरे ही शेजारची गावे आहेत. दोन्ही गावे गावपळणीच्या प्रथेसाठी प्रसिद्ध आहेत. ठरावीक वर्षांनी, ग्रामदेवतेचा कौल घेऊन, सारे ग्रामस्थ गुराढोरांसह वेशीबाहेर जातात आणि काही दिवस रानात खोपी बांधून राहतात. झाडांच्या सावलीत राहण्याची सवय या भागात किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

वस्तीची रचना

कोकणातील इतर गावांप्रमाणे येथेही घरे एकमेकांना चिकटून नसून वाड्यांमध्ये विखुरलेली आहेत. प्रत्येक घराभोवती स्वतःची बाग असते. माड, फणस, आंबा, रातांबा आणि काजू ही नेहमीची झाडे होत. दोन घरांच्या मध्ये गडगा किंवा झाडांचे कुंपण असते आणि त्यातून चिंचोळ्या पाणंदी जातात. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला गाव दिसण्याऐवजी बागच दिसते. घर आहे हे कौलांवरून किंवा चुलीच्या धुरावरून कळते. नगररचनाकार ज्याला विरळ घनतेची वनाच्छादित वस्ती म्हणतील, ती येथे कोणत्याही आराखड्याशिवाय, भाऊबंदकीच्या वाटण्यांतून आणि बागायतीच्या गरजेतून तयार झाली.

किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनांची गोष्ट मात्र वेगळी आहे. सुरू हे मूळचे येथले झाड नव्हे. ते आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडील आहे. खारा वारा सोसणारे, वाळूत रुजणारे आणि झपाट्याने वाढणारे म्हणून ते भारताच्या किनाऱ्यांवर लावण्यात आले. त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव हवेतील नत्र स्थिर करतात, म्हणून निकस वाळूतही ते जोम धरते. सुया वाटणारे हिरवे भाग ही त्याची पाने नसून बारीक डहाळ्या असतात. खरी पाने त्यांच्या पेरांवर खवल्यांच्या रूपात असतात. या डहाळ्यांमधून वारा वाहताना होणारा सळसळाट हा तोंडवलीच्या किनाऱ्याचा सर्वांत परिचित आवाज आहे. सुरूमुळे बागांवर उडून येणारी वाळू अडते. मात्र त्याच्या गळलेल्या डहाळ्यांचा जाड थर खाली दुसरे फारसे काही उगवू देत नाही आणि थेट भरतीरेषेपर्यंत लावलेले बन समुद्री कासवांना अंडी घालण्यासाठी लागणारी मोकळी वाळू व्यापते. खाडीच्या बाजूला कांदळवन आहे. मासे व कोळंबीची पिल्ले त्याच्या आसऱ्याने वाढतात.

वाळूच्या पट्टीवर विहिरींना गोडे पाणी लागते, याचे नवख्याला नवल वाटते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर थर धरून राहते. हा थर जपून वापरावा लागतो. पंपाने अतिउपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. वस्तीला आणि पर्यटकांच्या संख्येला येथे जी नैसर्गिक मर्यादा आहे, ती प्रथम विहिरीत दिसते.

उपजीविका

मासेमारी, माडाची बागायती आणि अलीकडे पर्यटन ही उत्पन्नाची प्रमुख साधने आहेत. मालवण किनाऱ्यावर रापण ही सामूहिक मासेमारीची जुनी पद्धत आहे. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकजण मिळून ओढतात आणि मासळीचे वाटे करतात. रापणीला मोकळी, सपाट पुळण लागते, म्हणून किनारा ही येथे केवळ देखाव्याची जागा नसून कामाची जागा आहे. पर्ससीन जाळ्यांमुळे पारंपरिक मच्छीमारांचे नुकसान होते, अशी तक्रार या किनाऱ्यावर दीर्घकाळ होत आली. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने या जाळ्यांवर निर्बंध घातले. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते.

कोकणातील बहुतेक गावांप्रमाणे येथील अनेक कुटुंबांची एक शाखा मुंबईत आहे. गणेशोत्सव, शिमगा आणि मे महिना या काळात चाकरमानी परततात आणि एरवी कुलूपबंद असलेली घरे उघडतात. गावाच्या शांततेचा काही भाग या कुलपांचा आहे, हे पर्यटनविषयक माहितीपत्रकांत सहसा लिहिलेले नसते.

दळणवळण व सोयी

तळाशीलच्या टोकावरून खाडीच्या मुखापलीकडे रेवंडी व सर्जेकोट दिसतात आणि तेथून कोळंबच्या पुलावरून मालवण गाठता येते. होडीने हे अंतर थोडे आहे. रस्त्याने मात्र आधी उत्तरेला जाऊन, कालावल खाडीवरील पूल ओलांडून पुन्हा दक्षिणेला यावे लागते. पावसाळ्यात खाडीचे मुख खवळलेले असताना हा लांबचा रस्ताच उरतो.

मालवण येथे बाजारपेठ, मासळी बाजार, एस.टी. आगार, ग्रामीण रुग्णालय, टोपीवाला हायस्कूल, स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन आहे. आचरे येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. जिल्हा रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोस येथे आहेत. कोकण रेल्वेवरील कणकवली, सिंधुदुर्ग व कुडाळ ही सोयीची स्थानके होत. चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. दैनंदिन गरजा जवळच्या बाजारात भागतात. गंभीर आजार, प्रसूतीतील गुंतागुंत किंवा उच्च शिक्षण असा प्रश्न आला की अंतर खऱ्या अर्थाने जाणवते.

किनारा, कायदा आणि विकास

वाळूचा दांडा ही स्थिर जमीन नव्हे. ज्या लाटांनी तो घडवला त्याच त्याची झीज करतात. तळाशील येथे समुद्राच्या धुपेमुळे माड कोसळणे, रस्त्यापर्यंत पाणी येणे हे प्रकार वारंवार घडले असून धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी हा तेथील कायमचा विषय आहे. दगडी बंधारा समोरच्या घरांना आधार देतो, पण लाटांचा जोर पुष्कळदा त्याच्या टोकापलीकडच्या किनाऱ्यावर पडतो, शिवाय होड्या ओढण्याची आणि रापणीची जागाही घटते. खाडीच्या बाजूने वाळूउपसा हा वादाचा विषय राहिला आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर बागा, घरे व वीजवाहिन्यांचे मोठे नुकसान केले.

१९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा विकासनिषिद्ध ठरवला. २०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या. २०१९ च्या अधिसूचनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागासाठी हे अंतर ५० मीटर झाले, विरळ वस्तीच्या भागासाठी २०० मीटर कायम राहिले. समुद्र व खाडी या दोन्ही बाजूंनी मोजणी होत असल्याने अरुंद पट्टीवर मोकळी जागा फारशी उरत नाही. या नियमांनी मोठ्या हॉटेलांना अटकाव केला, तसेच वाटणीत मिळालेल्या जागेत नवे घर बांधू पाहणाऱ्या स्थानिकालाही परवानगीच्या फेऱ्यात अडकवले.

२०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘सी-वर्ल्ड’ या नियोजित सागरी उद्यानासाठी वायंगणी-तोंडवली परिसर निवडण्यात आला. प्रारंभी सुमारे १,३९० एकर जमिनीचा प्रस्ताव होता. बागायती व घरे जातील या भीतीने ग्रामस्थांनी त्याला विरोध केला. काहींनी रोजगाराच्या अपेक्षेने प्रकल्पाची बाजूही घेतली. पुढे सुमारे ३५० एकरांत प्रकल्प बसवण्याचा विचार मांडला गेला, परंतु उद्यान उभे राहिले नाही.

वन्यजीव

हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे या किनाऱ्यावर अंडी घालतात. मादी रात्री वाळूत खड्डा करून साधारण शंभर किंवा त्याहून अधिक अंडी घालते आणि पिल्ले सुमारे ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या जातीचा समावेश आहे. नवजात पिल्ले पाण्यावरच्या उजेडाच्या दिशेने समुद्र शोधतात. किनाऱ्यावर प्रखर दिवे असले की ती उलट दिशेला, बागांकडे वळतात.