पदवी आणि पोटापाण्याचा प्रश्न : धोंडो केशव कर्वे यांची मुंबईतील सात वर्षे (१८८४–१८९१)

अण्णासाहेब कर्वे यांच्या चरित्राकडे पाहण्याची आपल्याकडे एक रूढ पद्धत पडून गेली आहे. मुरूडचे बालपण, साताऱ्याची पायपीट, बी. ए.ची पदवी, आणि त्यानंतर एकदम १८९३ सालचा पुनर्विवाह व १८९६ सालचा अनाथ बालिकाश्रम, अशा टप्प्याटप्प्यांनी हे चरित्र सांगितले जाते. पदवी मिळाल्यापासून फर्ग्युसन कॉलेजात रुजू होईपर्यंतची सात वर्षे एकदोन वाक्यांत उरकली जातात. ‘मुंबईत शिकवण्या करून त्यांनी उदरनिर्वाह केला’ एवढेच त्या काळाविषयी वाचकाच्या ध्यानात राहते. या वर्षांत डोळ्यांत भरेल अशी घटना नाही हे खरे. परंतु एखादा सुशिक्षित तरुण आपला वेळ कोणास विकतो, किती विकतो आणि उरलेल्या वेळाचे काय करतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटू नये. प्रस्तुत लेखात त्या सात वर्षांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

प्रथम साधनांविषयी एक खुलासा करणे इष्ट होईल. या काळाची माहिती मुख्यतः कर्वे यांच्या ‘आत्मवृत्त’ या ग्रंथावरून मिळते. तो १९१५ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे वर्णिलेल्या प्रसंगांनंतर पाव शतकाने. आणि लेखक तेव्हा एका नावाजलेल्या संस्थेचा संस्थापक होता. यशस्वी पुरुषाची स्मृती निवडक असते. आपल्या पूर्वायुष्यातील जे जे पुढील कार्यास पोषक ठरले ते तिला आठवते, बाकीचे निसटते. कर्वे यांची लेखनशैली कमालीची साधी व निरलंकार असल्यामुळे वाचक सहज विश्वासून जातो, म्हणून ही सावधगिरी अधिकच बाळगावी लागते.

नोकरीचा शोध कर्वे यांच्या बाबतीत पदवीनंतर सुरू झाला नाही. त्याचा आरंभ १८७५ सालीच झाला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे मुरूड (जंजिऱ्याचे मुरूड नव्हे) हे समुद्रकाठचे लहानसे गाव. मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शाळेतील शिक्षकाची किंवा कचेरीतील लहानशी जागा मिळण्याचा संभव असे; त्यामुळे गरीब घरच्या मुलांच्या दृष्टीने ती परीक्षा म्हणजे उपजीविकेचा दरवाजाच होती. ही परीक्षा देण्यासाठी कर्वे व त्यांचे सोबती भर पावसात पायी साताऱ्यास गेले. शंभर मैलांहून अधिक वाट, वाटेत भरून वाहणारे ओढे, कुंभार्ली घाटाची चढण, पाठीवर शिधा आणि अंगावर भिजलेले कपडे. इतके करून साताऱ्यास पोचल्यावर परीक्षा समितीच्या अध्यक्षांना हा किरकोळ अंगाचा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. वयाची अट सतरा वर्षांची होती आणि कर्वे यांना ती एप्रिलमध्येच पुरी झाली होती. तरीही त्यांना परीक्षेस बसू दिले नाही.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा जिद्दीचे उदाहरण म्हणून केले जाते. आमच्या मते त्याचे महत्त्व निराळे आहे. त्या काळी कोकणातील मुलाला सरकारी नोकरीचा रस्ता खरोखरच चालून जावा लागे, आणि त्या रस्त्याच्या शेवटी त्याचे भवितव्य एका अपरिचित अधिकाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असे. ज्याने हा अनुभव सतराव्या वर्षी घेतला, त्याने पुढे सव्विसाव्या वर्षी हाती पदवी असताना एकाच वरिष्ठाच्या मर्जीवर आपला सारा चरितार्थ सोपविला नाही, यात नवल वाटू नये. अर्थात हा कार्यकारणभाव कर्वे स्वतः जोडत नाहीत; तो आमचा तर्क आहे.

मध्यंतरीचा शिक्षणक्रम येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. १८८१ साली मॅट्रिक, नंतर विल्सन कॉलेज, मग एल्फिन्स्टन कॉलेज, आणि १८८४ साली गणित विषय घेऊन बी. ए. विद्यार्थिदशेतच लग्न झालेले, राधाबाई गावी, थोरला मुलगा रघुनाथ १८८२ साली जन्मलेला. पदवी घेतली तेव्हा कर्वे हे उमेदीतले पोर नसून एका कुटुंबाचे कर्ते होते.

त्याच वर्षी त्याच एल्फिन्स्टन कॉलेजातून गोपाळ कृष्ण गोखले बी. ए. झाले. ते त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. वर्षारंभी, १८८५ मध्ये, गोखले पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर साहाय्यक शिक्षक झाले आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या मंडळीत सामील झाले. पंचाहत्तर रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचा जो करार या सोसायटीचे आजीव सभासद करीत, त्याने त्या पिढीतील अनेक बुद्धिमान तरुणांच्या मनाचा ठाव घेतला होता. सरकारी नोकरी की स्वार्थत्याग, असा सरळ पेच त्या तरुणांपुढे ठेवला जाई. कर्वे यांनी १८८४ साली यांपैकी कोणताच मार्ग स्वीकारला नाही. ते मुंबईतच राहिले.

पदवीधराच्या परिस्थितीत तोवर पडलेला फरक येथे ध्यानात घेतला पाहिजे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे पहिले चौघे बी. ए. झाले. या पहिल्या तुकडीस सरकारने जणू हात धरून नेले. रानडे यांनी अक्कलकोटचे कारभारीपण, कोल्हापूरचे न्यायाधीशपद आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील अध्यापन एवढ्या जागा काही वर्षांतच पाहिल्या आणि १८७१ साली ते न्यायखात्यातर्फे पुण्यास आले. वीस वर्षांनंतर पदवीचा हा भाव राहिला नव्हता. वरच्या जागा युरोपियनांसाठी राखलेल्या, खालच्या जागांसाठी गर्दी. सुशिक्षितांची ही तक्रार इतकी वाढली की १८८६ साली सरकारास पब्लिक सर्व्हिस कमिशन नेमावे लागले. कर्वे ज्या वर्षी पदवीधर झाले त्या वर्षाचा बी. ए. हा दुर्मिळ प्राणी नव्हता, आणि त्याला ते कळतही होते.

मुंबईत कर्वे यांनी जी व्यवस्था केली ती अशी : एक पूर्ण वेळेची नोकरी धरून बसण्याऐवजी तासातासांची अनेक कामे. कॅथेड्रल गर्ल्स हायस्कूल, अलेक्झांड्रा गर्ल्स स्कूल आणि मराठा हायस्कूल या शाळांत गणिताचे तास. आणि त्यांच्या आगेमागे खाजगी शिकवण्या. पहाटे उठावे, शहराच्या एका टोकास शिकवावे, तेथून दुसऱ्या टोकास जावे, असा हा दिनक्रम. कोकणातून घाट चढून आलेल्या माणसास या चालण्याचे फारसे वाटले नसावे. यांपैकी पहिल्या दोन शाळा मुलींच्या होत्या, ही गोष्ट आज वाचताना अर्थपूर्ण भासते. परंतु तेव्हा त्यांतील विद्यार्थिनी मुख्यतः युरोपियन आणि पारशी समाजातल्या होत्या, आणि कर्वे तेथे गेले ते तासाचे पैसे मिळतात म्हणून. त्यात स्त्रीशिक्षणाच्या ध्येयाचा उगम शोधणे हे चरित्रकाराचे काम असेल, इतिहासकाराचे नव्हे. एवढे मात्र म्हणता येईल की, मुली गणित शिकू शकतात की नाही हा वाद पुण्याच्या वृत्तपत्रांत रंगत असताना, हा मनुष्य रोज सकाळी मुलींना गणित शिकवून येत होता.

आता उरलेल्या वेळाचा प्रश्न. मुरूडला असताना सोमण गुरुजींच्या प्रेरणेने कर्वे दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असत. सार्वजनिक कार्याची त्यांची पहिली कल्पना अशी गावाच्या चौकटीत तयार झाली होती, आणि मुंबईत आल्यावरही ती चौकट सुटली नाही. १८८६ च्या सुमारास त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला. मुंबईस पोटासाठी आलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतून थोडे थोडे बाजूस काढावे आणि त्या पैशातून गावाच्या उपयोगाची कामे व्हावीत, ही त्यामागील कल्पना. मुंबईतील कोकणी माणसाचे आपल्या गावाशी असलेले नाते सर्वांस परिचित आहे. पावसाळा संपून आगबोटी सुरू झाल्या की हर्णै बंदरात उतरावे, सणावाराला व लग्नकार्याला गावी असावे, आणि मनिऑर्डरीने घर चालवावे. कर्वे यांनी या नात्याला हिशेबाचे वळण दिले. घरी पाठवावयाच्या पैशाबरोबर गावाचाही वाटा असतो, आणि तो लहरीप्रमाणे न देता नियमाने द्यावा, असे त्यांचे म्हणणे.

हा फंड रकमेने मोठा होता असे कोणी म्हणणार नाही. पण कर्वे यांची पुढील सारी कार्यपद्धती त्यात बीजरूपाने आढळते. धनिकाच्या एका मोठ्या देणगीची वाट न पाहता पुष्कळांकडून अल्प रक्कम घ्यावयाची. पैचा हिशेब ठेवून तो प्रसिद्ध करावयाचा. आणि मागण्यापूर्वी स्वतः द्यावयाचे. १८९६ साली विधवांच्या आश्रमासाठी वर्गणी मागताना त्यांनी प्रथम आपल्या शिलकीतील एक हजार रुपये घातले. गणिताच्या शिक्षकाच्या हाती अशी शिल्लक कोठून आली, याचे उत्तर बव्हंशी या मुंबईच्या दिनक्रमात सापडावे. वक्तृत्व त्यांच्याजवळ नव्हते, वादविवादाची हौस नव्हती. आगरकरांसारखी लेखणी तर नव्हतीच. तेव्हा पुणेरी सार्वजनिक जीवनाने ज्याला गुण म्हणून ओळखले असते असे त्यांच्यापाशी फारसे नव्हते, आणि ते त्या वेळी पुण्यास गेले असते तर कदाचित झाकोळून गेले असते असे वाटते.

घरी राधाबाईंना त्यांनी लिहावयास-वाचावयास शिकविले. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांचे बिऱ्हाड त्यांच्याबरोबर असे, आणि नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई त्या बिऱ्हाडात आली. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. विधवांच्या प्रश्नाशी कर्वे यांचा संबंध ग्रंथांतून आला त्याहून अधिक या एकत्र बिऱ्हाडातून आला, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

१८९१ साली राधाबाई निवर्तल्या. त्याच सुमारास गोखल्यांचे पत्र आले. टिळक १८९० च्या अखेरीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास मनुष्य हवा होता. नोव्हेंबर १८९१ मध्ये कर्वे पुण्यास रुजू झाले. ज्या नोकरीसाठी त्यांनी अर्ज केला नव्हता, परीक्षा दिली नव्हती, वय सिद्ध करून दाखविले नव्हते, ती त्यांना चालून आली. आणि तीत ते १९१४ पर्यंत राहिले.

मुरूड फंडाची कथा मात्र येथे संपत नाही. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यानंतर ते गावी गेले तेव्हा मुरूडच्या ब्रह्मवृंदाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. आईच्या व भावाच्या घरी त्यांनी उतरल्यास त्या कुटुंबावरही बहिष्कार पडेल अशी तजवीज झाली, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून कर्वे स्वतःच दूर राहिले. ज्या गावासाठी मुंबईतील कष्टाच्या मिळकतीतून त्यांनी वर्गणी जमविली, त्या गावाच्या सभेत बसण्याचा अधिकार त्यांना उरला नाही. येथे एका व्यक्तीवरील अन्यायाहून अधिक काही आहे. ‘गावाचे हित’ या शब्दाने कर्वे सर्व मुरूडकरांचा विचार करीत होते. गावाच्या सभेला मात्र ‘गाव’ म्हणजे आपली जात व तिचा आचार एवढेच अभिप्रेत होते. फंड देणाऱ्याने ही मर्यादा मानली तोवर दोन्ही अर्थ सुखाने नांदले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १८९३ रोजी, वर्धा येथे विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली. तिची वर्गणी गोळा करण्यासाठी कर्वे सुट्टीच्या दिवसांत जो प्रवास करू लागले तो मुरूडकरांच्या बिऱ्हाडांपुरता नव्हता. वऱ्हाड-नागपूरपर्यंत, ओळखीच्या-अनोळखीच्या दारी ते गेले. वही तीच, पद्धत तीच. पुढे १९०० साली हिंगण्याच्या माळावर जी पहिली झोपडी उभी राहिली, तिच्यासाठी सहा एकर जागा व साडेसातशे रुपये रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिले. मुरूडशी त्या दात्याचा काही संबंध नव्हता.