गच्ची कोणाची?

सुरतेत गच्ची ही साधी वस्तू नव्हे. १४ जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी, ती साऱ्या बिऱ्हाडांची असते. एरवी ती कोणाची, हा प्रश्न आकाशातून उतरणाऱ्या चित्रांनी उभा केला.

१९३३ च्या वायरलेस कायद्यान्वये रेडिओ बाळगण्यासही परवाना लागे. विचारणा शेजाऱ्याची नव्हे, सरकारची असे. १ ऑगस्ट १९७५ रोजी अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांसाठी चित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. तेथील तबकडी तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची. पण ती साऱ्या गावाची, म्हणून तंटा नव्हता. पुढे केबलवाल्याची तबकडीही अनेक घरांना पुरे. नोव्हेंबर २००० मध्ये सरकारने घरोघरी थेट प्रक्षेपणास मुभा दिली, २००३ मध्ये सेवा सुरू झाली, आणि प्रत्येकाला आपापली तबकडी हवीशी झाली.

गृहसंस्थांचे उपविधी जुने. त्यांत गच्ची सामाईक एवढेच. आमच्या कार्यकारिणीने ठराव केला : गच्चीवर तबकडी नको, खिळ्यांनी गळती होते. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या मांडणाऱ्यांची ही तक्रार खोटी नव्हती.

परंतु भूगोल ठरावाला जुमानीत नाही. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. सुरतेहून ते दक्षिणेकडेच दिसणार. हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवितो, पण त्याचा अर्थ मला एका खानदेशी आजीबाईंमुळे कळला. त्यांच्या घराला खिडक्या फक्त उत्तरेकडे, आणि मराठी कार्यक्रम ही त्यांची एकच हौस. दक्षिणेकडील सज्जेवाल्यांनी तबकड्या लावल्या. आजीबाईंना ठराव दाखविण्यात आला. नियम एकच, पण तो सोसायचा एकट्या त्यांनी!

अमेरिकेत १९९६ मध्ये सरकारी आयोगाने एक मीटरपर्यंतच्या तबकडीला गृहसंघांच्या मनाईपासून संरक्षण दिले. तेही रहिवाशाच्या स्वतःच्या जागेपुरते. सामाईक छप्पर वगळलेले. म्हणजे आजीबाई तेथेही हरल्याच असत्या.

अखेर तोडगा निघाला तो लोहाराकडून. पाण्याच्या टाकीजवळ एक लोखंडी चौकट उभी राहिली, तिच्यावर सर्वांच्या तबकड्या. गच्चीला एकही खिळा नाही. आता बहुतेकांकडे इंटरनेट आले आहे. निम्म्या तबकड्या गंजल्या, काढीत कोणी नाही. उत्तरायणाला त्यांत मांजा अडकतो आणि मुले आम्हा वडीलधाऱ्यांवर चिडतात. आजीबाईंची तबकडी मात्र चालू आहे.