तारेविना दूरचित्रवाणी : विनावर्गणी प्रेक्षकाचा इतिहास (१९७२ ते २०२२)

प्रस्तावना

दूरचित्रवाणीच्या इतिहासात प्रेक्षकाची नोंद बहुधा दोनच ठिकाणी सापडते : वर्गणीदारांच्या यादीत आणि जाहिरातदारांसाठी केलेल्या प्रेक्षकमापनात. ज्या कुटुंबाने केबलची जोडणी कधी घेतलीच नाही, अथवा घेऊन पुढे सोडून दिली, ते कुटुंब पहिल्या यादीत नसतेच आणि दुसऱ्या ठिकाणीही दीर्घकाळ अंधूकच राहिले. अमेरिकेत केबलची वर्गणी बंद करून इंटरनेट आणि छतावरील अँटेना यांच्या आधारे दूरचित्रवाणी पाहण्याच्या प्रवृत्तीस ‘तार तोडणे’ असे नाव रूढ झाले. तेथे ही मुख्यतः ग्राहकाने विचारपूर्वक केलेली निवड समजली जाते. भारतात मात्र तारेविना दूरचित्रवाणी पाहणे हे केबलच्या पूर्वीपासून चालत आलेले, केबलच्या भरभराटीतही टिकलेले आणि केबल सोडणाऱ्यांना पुन्हा सामावून घेणारे वास्तव आहे.

या वास्तवाचा महाराष्ट्राच्या संदर्भासह मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यामागील मूळ प्रश्न असा की, प्रेक्षक वर्गणी देत नाही तेव्हा प्रक्षेपणाचा खर्च कोण उचलतो आणि त्यामुळे प्रेक्षकाला काय दिसावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे जातो?

अँटेनाचा काळ

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला आणि पुढील वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले. डोंगरी किल्ल्याची ही निवड तांत्रिक कारणांनी झाली होती. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत प्रवास करतात. प्रक्षेपक जितका उंच, तितके त्याचे क्षेत्र विस्तृत. उलट, डोंगराच्या आड वसलेले गाव प्रक्षेपकापासून जवळ असूनही छायेत राहते. सह्याद्रीच्या रांगांनी विभागलेल्या प्रदेशात चित्र कोठे स्वच्छ दिसावे आणि कोठे केवळ मुंग्या दिसाव्यात, हे म्हणूनच भूगोलाने ठरविले. छपरावरील अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना प्रक्षेपकाच्या दिशेने रोखून धरणे, वाऱ्यापावसाने त्याची दिशा बदलली की तो पुन्हा फिरविणे, हे त्या काळातील घरगुती तंत्रज्ञान होते.

हे प्रक्षेपण तारेविना असले तरी प्रारंभी निःशुल्क नव्हते. १८८५ च्या तार कायद्याच्या चौकटीत रेडिओप्रमाणेच दूरचित्रवाणी संचासही परवाना लागत असे आणि त्याचे वार्षिक शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. अर्थात, या टप्प्यावर प्रेक्षक राज्यसंस्थेच्या नोंदवहीत होता. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यास परवाना पद्धती रद्द झाली. यानंतरचा खर्च शासकीय तिजोरी आणि जाहिरातदार यांच्यात विभागला गेला. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही प्रायोजित मालिका या बदलाची ठळक खूण होय. परवाना गेला, तेव्हा प्रेक्षकावरील एक भार कमी झाला. परंतु त्याचबरोबर आपण या सेवेचे मोल देतो, हा त्याचा प्रत्यक्ष संबंधही संपुष्टात आला.

उपग्रहाकडून थेट संकेतग्रहणाचा प्रयोगही याच कालखंडातील आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० गावांत ‘साइट’ हा शैक्षणिक प्रयोग राबविण्यात आला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. तथापि गावातील सामूहिक संच आणि त्यास जोडलेली जाळीची मोठी तबकडी ही कल्पना, तीन दशकांनी घरोघरी आलेल्या छोट्या तबकडीची पूर्वसूरी ठरते.

१९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी कार्यान्वित झाला. १९८४ मध्ये तर काही महिने जवळजवळ दररोज एक या गतीने लघुशक्ती प्रक्षेपक उभारले गेले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम याच जाळ्यावरून प्रसारित होऊ लागला. त्यासाठी कार्यक्रमांची निर्मिती करणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठाच्या केंद्राचाही समावेश होता. महाविद्यालयीन शिक्षणाचा आणि अँटेनाचा हा संबंध आज फारसा स्मरणात राहिलेला नाही.

केबलचे आगमन आणि लहरींच्या मालकीचा प्रश्न

मुंबईतील गृहसंकुलांत १९८० च्या दशकातच व्हिडिओ संचावरील चित्रपट तारेने घरोघरी पोहोचविण्याचा व्यवसाय सुरू झाला होता. १९९१ चे आखाती युद्ध, त्याच वर्षीचा स्टार टीव्हीचा प्रारंभ आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेली झी टीव्ही या घटनांनी त्याला उपग्रह वाहिन्यांची जोड दिली. गच्चीवर एक मोठी छत्री आणि तेथून इमारतींवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून गेलेल्या तारा, असे या जाळ्याचे स्वरूप होते. ते कोणत्याही शासकीय योजनेतून नव्हे, तर स्थानिक उद्योजकतेतून उभे राहिले. कायदा नंतर आला. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) कायद्याने केबलचालकास नोंदणी बंधनकारक केली आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविण्याची सक्तीही केली. ही नोंदणी त्या काळी मुख्य टपाल कार्यालयात होत असे. एका दशकापूर्वी ज्या खात्याच्या खिडकीवर प्रेक्षक शुल्क भरत होता, तेथे आता केबलचालकाचे नाव नोंदले जाऊ लागले. नोंदवहीतील हा बदल बोलका आहे.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या विषयातील मूलभूत सिद्धांत मांडला. १९९३ च्या हिरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून निर्माण झालेल्या वादात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निर्णय देताना न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे प्रतिपादन केले. तिच्यावर शासनाची अथवा खासगी हितसंबंधांची मक्तेदारी असू नये आणि तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाने लोकहितार्थ करावे, असा या निर्णयाचा आशय होता. विनावर्गणी प्रेक्षकाच्या दृष्टीने हा निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. लहरी जर सर्वांच्या मालकीच्या असतील, तर ज्याच्या घरी तार नाही तोही त्या मालमत्तेचा भागधारक ठरतो. पुढील तीन दशकांचा इतिहास हा या तत्त्वाच्या कसोटीचा इतिहास आहे.

केबलचे दर नियंत्रित करण्याचे प्रयत्न या काळात सातत्याने झाले. २००३ मध्ये महानगरांत सशर्त प्रवेश प्रणाली, म्हणजे ‘कॅस’, लागू करण्याचा प्रयत्न झाला. तो त्या वेळी चेन्नईपुरताच टिकला. मुंबईच्या काही भागांत ती २००६ च्या अखेरीस आली. पुढे अंकीय प्रणाली टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली : मुंबईत २०१२ च्या अखेरीस, पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत २०१३ मध्ये आणि उर्वरित भागांत २०१७ पर्यंत. सेट-टॉप बॉक्स बसविल्याविना तारेतून चित्र येणे बंद झाले. १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आलेल्या दरव्यवस्थेत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये जाळेशुल्क आणि त्यावर कर अशी रचना होती. परिणामी, निःशुल्क म्हणविल्या जाणाऱ्या वाहिन्यांसाठीही तारेच्या ग्राहकास मासिक खर्च अटळ झाला.

तबकडी : डीडी डायरेक्ट प्लस ते फ्री डिश

१६ डिसेंबर २००४ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सेवेचे उद्घाटन झाले. प्रारंभी तीवर ३३ दूरचित्रवाणी वाहिन्या होत्या. पुढे हीच सेवा ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तबकडी आणि बॉक्स एकदाच विकत घ्यावयाचे, मासिक वर्गणी नाही, अशी तिची साधी रचना आहे. उपग्रह आकाशातून प्रक्षेपण करीत असल्याने डोंगराच्या छायेचा जुना प्रश्न मोठ्या प्रमाणावर सुटला. पावसाळ्यात मुसळधार सरींमुळे संकेत क्षीण होण्याचा नवा प्रश्न मात्र आला.

या सेवेसाठी ना अर्ज भरावा लागतो, ना करार करावा लागतो. त्यामुळे तिच्या ग्राहकांची अधिकृत यादी अस्तित्वातच नाही. उद्योगक्षेत्राचे अलीकडचे अंदाज चार ते पाच कोटी कुटुंबांच्या आसपास आहेत. परंतु ते अंदाजच आहेत. देशातील एवढ्या मोठ्या प्रेक्षकसमूहाची नोंद नसावी, ही इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी बाब आहे. २०१५ मध्ये ग्रामीण भागाचे प्रेक्षकमापन सुरू झाल्यावरच जाहिरातदारांना या समूहाचे मोल प्रकर्षाने जाणवले.

सेवेचे अर्थकारणही पालटले. २०११ पासून खासगी वाहिन्यांना फ्री डिशवरील जागा ई-लिलावाने दिल्या जाऊ लागल्या. प्रेक्षकाला जे निःशुल्क दिसते, त्यासाठी वाहिनी प्रसार भारतीस पैसे मोजते आणि ते जाहिरातींतून वसूल करते. येथे सार्वजनिक मालमत्तेचा उपयोग आणि बाजारातील बोली यांची सांगड घातली गेली. शैक्षणिक क्षेत्रापुरते सांगावयाचे तर, ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’च्या ३२ वाहिन्या आणि २०२० मधील ‘पीएम ई-विद्या’च्या इयत्तानिहाय १२ वाहिन्या थेट उपग्रह प्रक्षेपणाच्याच मार्गाने आल्या. इंटरनेट नसलेल्या घरातील विद्यार्थ्यासाठी हा मार्ग दुय्यम नव्हता.

विनावर्गणी प्रेक्षकाचे स्थान

वर्गणी न देणाऱ्याचे स्थान किती अस्थिर असते, हे पुढील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पहिले उदाहरण क्रिकेटचे. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस उपलब्ध करून देण्याची सक्ती २००७ च्या कायद्याने झाली. तथापि २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, हे प्रक्षेपण दूरदर्शनने केवळ स्वतःच्या भूस्थित जाळ्यावर आणि स्वतःच्या थेट उपग्रह सेवेवर दाखवावे. केबल वा खासगी सेवांमार्फत ते पुढे जाऊ नये. परिणामी, या सामन्यांपुरता विनावर्गणी प्रेक्षक हा प्रथमच कायद्याने वेगळा ओळखला गेलेला प्रेक्षक ठरला. वर्गणीदारास जे क्रीडावाहिनीचे शुल्क भरून मिळे, ते त्यास विनामूल्य मिळू लागले. लहरी सार्वजनिक आहेत, या १९९५ च्या तत्त्वाचा हा मर्यादित, परंतु प्रत्यक्ष लाभ होता.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या मनोरंजन वाहिन्या फ्री डिशमुळे ग्रामीण भागात अत्यंत लोकप्रिय झाल्या होत्या. २०१९ च्या नव्या दरव्यवस्थेत त्यांना सशुल्क गटात नेण्यात आले आणि मार्च २०१९ पासून त्या फ्री डिशवरून निघून गेल्या. २०२० मध्ये त्या परतल्या आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा बाहेर पडल्या. या येण्याजाण्यात प्रेक्षकाचे मत कोणी विचारले नाही. विचारण्याची यंत्रणाच नव्हती. वर्गणीदार निदान जोडणी बंद करून आपली नाराजी नोंदवू शकतो. ज्याने काही दिलेलेच नाही, त्याच्याजवळ काढून घेण्यासारखेही काही नसते.

अँटेनाचा अस्त

दरम्यान जुने भूस्थित जाळे आवरते घेतले जात होते. एके काळी सुमारे १,४०० असलेले दूरदर्शनचे प्रक्षेपक क्रमाने बंद झाले. सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या सुमारे ५० ठिकाणांचा अपवाद वगळता उर्वरित सदृश प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने जाहीर केले. कालबाह्य तंत्रज्ञान, विजेचा खर्च आणि मोकळ्या होणाऱ्या वर्णपटाचा अन्य उपयोग ही त्यामागील कारणे होती. २०१६ मध्ये मुंबई व तत्कालीन औरंगाबादसह १६ शहरांत अंकीय भूस्थित प्रक्षेपण सुरू झाले होते. पण त्याचा घरोघरी प्रसार झाला नाही.

अमेरिकेशी असलेला भेद येथे ठळक होतो. तेथे १२ जून २००९ रोजी पूर्णशक्ती केंद्रांचे सदृश प्रक्षेपण थांबले, परंतु त्याची जागा अंकीय भूस्थित प्रक्षेपणाने घेतली. तार तोडणाऱ्याला छतावरील अँटेनाकडे परतता आले. आपल्याकडे अँटेनाचा मार्गच जवळजवळ मिटला. आज तार तोडणाऱ्यासमोर उरतात ते दोन पर्याय : फ्री डिशची तबकडी किंवा इंटरनेट. त्यांपैकी दुसऱ्यासाठी डेटाचे पैसे मोजावे लागतातच आणि अनेक सेवांची वर्गणी त्याहून निराळी. तार तुटते, वर्गणी सुटतेच असे नाही.

निष्कर्ष

१. विनावर्गणी दूरचित्रवाणी ही कधीच विनाखर्च नव्हती. परवानाशुल्क, शासकीय निधी, जाहिरात आणि जागांचा लिलाव अशा क्रमाने खर्चाचा भार हलत गेला.

२. भार जसा हलला, तसा निर्णयाचा अधिकारही हलला. प्रत्येक टप्प्यावर प्रेक्षकाची सोय वाढली, निवड वाढली. मात्र त्याचा आवाज वाढला नाही.

३. १९९५ च्या न्यायनिर्णयाने लहरींना सार्वजनिक मालमत्ता मानले. या मालमत्तेतील तार नसलेल्या घराचा हिस्सा कायद्याने स्पष्टपणे मान्य केला तो प्रामुख्याने क्रीडाप्रक्षेपणापुरताच. शिक्षण, वृत्त आणि मराठीसारख्या भाषांतील कार्यक्रम यांबाबत तशी हमी नाही.

४. अँटेना, परवान्याची पुस्तिका, केबलची पावती ही साधने घरांतून वेगाने नाहीशी होत आहेत. फ्री डिशचा प्रेक्षक तर मागे कागदच ठेवीत नाही. त्यामुळे या समूहाचा इतिहास लिहावयाचा तर मौखिक साधनांचे संकलन आताच करावे लागेल. सिंहगडासारख्या केंद्रांवर काम केलेले तंत्रज्ञ, गावोगावचे दुरुस्तीकार, आरंभीचे केबलचालक आणि स्वतः प्रेक्षक हे त्याचे साक्षीदार आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना आपापल्या तालुक्यात हे कार्य सहज हाती घेता येईल. विद्यार्थ्यांच्या घरांतूनच त्याचा आरंभ होऊ शकतो.