रोथॅमस्टेडची उघडी माती

1870 साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात लॉज आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी जमिनीचे तीन ठोकळे, 20, 40 आणि 60 इंच खोलीचे, जागच्या जागी विटांनी बांधून घेतले. वर पीक नाही, खत नाही, तणसुद्धा उपटायचं. तरीही झिरपलेल्या पाण्यातून वर्षानुवर्षं नायट्रेट येत राहिलं! मातीतल्या सेंद्रिय नत्राचं जिवाणू नायट्रेट करतात. ते उचलायला मुळंच नव्हती. मी ऊसवाला, मला हे फार लागलं. आडसाली उसाआधी आमच्याकडे ताग गाडतात. उभा ताग नायट्रेट शोषतो. पण गाडल्यावर कुजून त्याचाही नत्र सुटतो, युरियासारखाच पावसात खाली उतरतो. म्हणून ताग गाडल्यावर लागण लांबवणं मला मान्य नाही.