जोखमी हुंडीपासून ब्रेकच्या हिशेबापर्यंत

बिरवाडीत आमच्या घरी गाडी एक आणि चालवणारे तिघे. दादा ती एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला नेतो, ताई महाडला नोकरीला, आणि बाबा वरंध घाट चढून भोरला आत्याकडे. यंदा विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा एजंटाने नवा पर्याय सांगितला. मोबाइलमध्ये अ‍ॅप घ्या, गाडी कशी चालवता ते कंपनीला दिसू द्या, नीट चालवलीत तर प्रीमियममध्ये सूट. बाबा लगेच तयार झाले. ताई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी कुठे थांबले, किती वाजता थांबले, तेही दिसणार ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो.

महाड हे सावित्रीकाठचं जुनं व्यापारी गाव. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून इथे उतरायचा आणि होड्यांतून बाणकोटच्या खाडीमार्गे समुद्राला लागायचा. या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात 'जोखमी हुंडी' नावाचा प्रकार होता. माल पाठवणारा व्यापारी ही हुंडी विकून पैसे आधीच उचलायचा. माल सुखरूप पोचला तर हुंडी घेणाऱ्याला पलीकडे पूर्ण रक्कम मिळायची. गलबत बुडालं तर त्याचे पैसे बुडाले. म्हणजे हुंडी घेणारा हाच विमा कंपनी! साहजिकच भाव ठरवताना तो विचारणार: गलबत कुठलं, हंगाम कोणता, तांडेल कोण? समोरच्याची माहिती घेतल्याशिवाय जोखमीची किंमत ठरत नाही, हे तेव्हाही खरं होतं. फरक एवढाच की ती चौकशी एका खेपेपुरती होती.

मोटार आली आणि विमा कायद्यात शिरला. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा केला आणि ती सक्ती १ जुलै १९४६पासून लागू झाली. गाडीखाली सापडलेल्याला भरपाई मिळावी, हा हेतू. १९७३मध्ये सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे कितीतरी वर्षं दर ठरलेले असत. कंपनी बघायची ती गाडी: इंजिन किती सीसीचं, गाडी किती जुनी, नोंदणी कुठली. २००२च्या दरपत्रकात खासगी मोटारींसाठी देशाचे दोन भाग होते. मुंबई-पुण्यासह आठ मोठी शहरं 'अ' विभागात, महाडसारखा बाकी सगळा देश 'ब' विभागात. तुम्ही शहाण्यासारखी चालवता की बेफाम, हे कळायला एकच खिडकी होती: 'नो क्लेम बोनस'. दावा केला नाही तर पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत सूट.

त्याच दरपत्रकात आणखी एक सवलत होती. पुण्याच्या 'एआरएआय'ने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण गाडीत बसवलं तर अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त ५०० रुपये. म्हणजे यंत्रासाठी सूट ही कल्पनाही नवी नाही. ते यंत्र चोरावर नजर ठेवायचं, आताचं मालकावर ठेवतं.

१ जानेवारी २००७ला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. आता कंपन्यांत चांगले चालक शोधायची चढाओढ लागणार हे उघड होतं. अमेरिकेत 'प्रोग्रेसिव्ह' कंपनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीसच टेक्सासमध्ये गाड्यांत उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून हा प्रयोग केला होता. आपल्याकडे जुलै २०२२मध्ये विमा नियामकाने, म्हणजे 'इर्डाई'ने, दोन प्रकारांना परवानगी दिली. एक, जेवढी चालवाल तेवढं भरा. दुसरा, जशी चालवाल तसं भरा.

या पद्धतीची बाजूही नीट ऐकायला हवी. युरोपात तरुण मुलींना मुलांपेक्षा स्वस्त विमा मिळायचा. स्त्री-पुरुष पाहून दर ठरवणं न्यायालयाने २०११मध्ये अवैध ठरवलं आणि डिसेंबर २०१२पासून ते बंद झालं. मग सावध चालवणाऱ्या मुलीने ते सिद्ध कसं करायचं? गाडीतलं यंत्र दाखवून. तुमच्या वयावरून, गावावरून तोलण्यापेक्षा तुमच्या वागण्यावरून तोलणं जास्त न्याय्य, हा युक्तिवाद खोडून काढणं सोपं नाही.

आणि माग लागण्याचं मोल महाडकरांना कुणी सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी बस वाहून गेल्या. त्यांचे सांगाडे सापडायला आठवडा उलटला. पुढे नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झालं, त्याला इथे कोण नाही म्हणेल?

पण शोधण्यासाठी ठेवलेली नोंद वेगळी आणि दर ठरवण्यासाठी ठेवलेली वेगळी. दुसरीत प्रत्येक हालचालीला भाव असतो. अशा योजनांत सहसा वेग, अचानक लावलेला ब्रेक, रात्रीचा प्रवास हे मोजतात. वरंध घाटाच्या वळणावर म्हैस आडवी आली तर ब्रेक जोरातच लागणार. दादाची तिसरी पाळी त्याने हौसेने घेतलेली नाही. यंत्राला ब्रेक कळतो, म्हैस कळेलच असं नाही.

शिवाय माहिती एकदा गेली की कुठे फिरेल? अमेरिकेत २०२४मध्ये उघड झालं की 'जनरल मोटर्स'च्या गाड्यांतला तपशील माहिती विकणाऱ्या कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात होता. अनेक चालकांना प्रीमियम वाढल्यावर ते कळलं.

आता हिशेब. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला २०२२च्या अधिसूचनेनुसार तो ३,४१६ रुपये. या रकमेला चालवण्याची सूट लागत नाही. सूट फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर. समजा तो भाग ६,००० रुपये आहे आणि सूट १५ टक्के, तर कर सोडून वाचले ९००. महिन्याला ७५ रुपये.

ते ७५ रुपये वाचवणार बाबा, आणि हालचाल नोंदली जाणार ताईची. २०१७च्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचा कणा संमती हाच आहे. पण पॉलिसीवर सही एकाची आणि स्टिअरिंगवर हात तिघांचे, तेव्हा घरातली संमती कोण विचारतं? कंपनीच्या आधी आपल्याच घरातल्या माणसाला अ‍ॅपमध्ये डोकवावंसं वाटेल, ही ताईची खरी भीती होती.

शेवटी वाट पहिल्या प्रकारात निघाली. कारखाना घरापासून जवळ, महाडही लांब नाही, त्यामुळे आमची गाडी वर्षाकाठी फार पळत नाही. किलोमीटरवर ठरणारी योजना घेतली. एजंटाने सांगितलं, या योजनेत कंपनीला फक्त मीटरचा आकडा लागतो. गाडी किती चालली ते त्यांना कळेल, कुठे गेली ते नाही. सूट थोडी कमी मिळाली.

तुमच्याकडे असा पर्याय आला तर आधी हे विचारा: नेमकं काय मोजणार, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार, आणि गुण कमी पडले तर दर वाढणार का? उत्तर लेखी घ्या. आणि गाडी घरात आणखी कुणी चालवत असेल, तर सही करण्याआधी त्यांनाही विचारा. आमच्याकडे मीटरचा फोटो काढून पाठवायचं काम आता ताईकडे आहे.